नाव कोणाचे?

माझ्या एका स्नेह्यांना जुन्या रेकॉर्डी जमवण्याचा नाद आहे. गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी त्यांनी मला अमेरिकेतल्या दोन रेकॉर्डी एकापाठोपाठ ऐकवल्या. पहिलीत बारा तारांच्या गिटारीचा किणकिणता नाद होता, आणि त्यावर काही आवाज असे मिसळून गेले होते की कोणता कोणाचा हे सांगता येऊ नये. दुसरीतही गिटारच होती, पण तिचे स्वर मींड घेतल्यासारखे ओढत, वळत जात होते. तालाचा डौल निराळा होता, गाण्याचे वळण खेडवळ होते. एक आवाज तेवढा ओळखीचा वाटला. मी म्हटले, "ही मंडळी दुसरी दिसते." ते हसून म्हणाले, "अहो, नाव वाचा ना!" वाचले. दोन्हींवर नाव एकच होते: 'द बर्ड्‌स'. पहिली रेकॉर्ड १९६५ ची, दुसरी १९६९ ची. मधल्या चार वर्षांत पाचांपैकी चौघे निघून गेले होते, एक उरला होता, आणि नाव मात्र जसेच्या तसे होते.

घरी परतताना मनात एक प्रश्न घोळू लागला आणि तो अद्याप सुटलेला नाही. माणसे गेली, गाण्याची जात बदलली, तरी नाव तेच ठेवणे ही परंपरा म्हणायची की फसवणूक?

प्रश्न नवा नाही. मिलिंद राजाला नागसेनाने विचारले होते, "महाराज, आपण रथात बसून आलात; तर रथ म्हणजे काय? आस म्हणजे रथ का? चाके म्हणजे रथ का?" राजा प्रत्येक वेळी 'नाही' म्हणत गेला, आणि शेवटी 'रथ' हे व्यवहारासाठी दिलेले केवळ नाव आहे, हे त्याला मान्य करावे लागले. ग्रीकांनी हाच प्रश्न नौकेच्या रूपाने मांडला. थिसिअसची नौका अथेन्सच्या लोकांनी जपून ठेवली. फळी कुजली की ती काढून तेथे नवी बसवायची. असे करता करता सगळ्या फळ्या बदलल्या, तर नौका तीच की दुसरी? सतराव्या शतकात हॉब्जने ह्यात आणखी एक पेच घातला. काढून टाकलेल्या जुन्या फळ्या कोणी गोळा केल्या आणि त्यांची पूर्वीच्याच क्रमाने नौका बांधली, तर खरी कोणती? आपल्या मराठीत नौकेलाही 'नाव' म्हणतात आणि नामालाही 'नाव'च. जुन्या लेखनात नामावर एक अनुस्वार असे. तोही गेल्यामुळे आता ह्या कोड्याचे दोन्ही अर्थ एकाच शब्दात येऊन बसले आहेत.

तत्त्वज्ञांची नौका लाकडाची होती. बर्ड्‌सची कहाणी मला महत्त्वाची वाटते ती अशासाठी की, ह्या नौकेच्या फळ्या माणसांच्या होत्या.

१९६४ मध्ये लॉस एंजेलिस शहरात पाच तरुण एकत्र आले. जिम मॅग्विन, जीन क्लार्क आणि डेव्हिड क्रॉस्बी हे तिघे गाणारे आणि गिटार वाजवणारे. ख्रिस हिलमन बास गिटारवर आणि मायकेल क्लार्क ड्रमवर. (दोन्ही क्लार्कांचे आडनाव आपल्या कानाला एकच लागते, पण त्यांचे नाते काही नव्हते, म्हणून ड्रमवाल्याला मी नुसते मायकेल म्हणेन.) इंग्रजीतल्या 'पक्षी' ह्या शब्दातले एक अक्षर बदलून त्यांनी आपले नाव केले. बॉब डिलनचे 'मिस्टर टॅम्बरिन मॅन' हे गाणे त्यांनी आपल्या ढंगाने म्हटले आणि १९६५ च्या उन्हाळ्यात ते अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये लोकप्रियतेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोचले. त्या एका गाण्याने नावाला मोल आले.

परंतु येथेच एक मौज आहे. हे गाणे मुद्रित झाले तेव्हा मुद्रणगृहाच्या लोकांना ह्या पोरांच्या वाजवण्याचा भरवसा नव्हता. म्हणून बारा तारांची गिटार तेवढी मॅग्विनने वाजवली. बाकीची सगळी वाद्ये मोल देऊन आणलेल्या सराईत वादकांनी वाजवली. क्रॉस्बी आणि जीन क्लार्क गायले. हिलमन आणि मायकेल हे दोघे त्या मुद्रणात मुळी ऐकूच येत नाहीत. म्हणजे ज्या गाण्याने बर्ड्‌सचे नाव झाले, त्या गाण्यात पुरते पाच बर्ड्‌स नव्हतेच! मूळ, अस्सल, पहिली नौका म्हणून आपण जिच्याकडे मागे वळून पाहतो, तिच्यातही काही फळ्या उसन्या होत्या. 'मूळचे ते खरे' असे म्हणणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे.

पुढे माणसे गळू लागली. १९६६ च्या आरंभी जीन क्लार्क गेला. मंडळीतला सर्वांत चांगला गीतकार तोच. गीतांचे पैसे त्याला अधिक मिळत आणि इतरांच्या मनात ते सलत असे. शिवाय त्याला विमानाची भीती वाटे. पक्ष्यांच्या मंडळीतून एकजण उडण्याच्या भयाने बाहेर पडावा, हा दैवाचा विनोदच म्हणायचा. १९६७ च्या ऑक्टोबरात मॅग्विन आणि हिलमन ह्यांनी क्रॉस्बीला काढून टाकले. नंतर निघालेल्या रेकॉर्डीच्या वेष्टनावर एका दगडी तबेल्याच्या तीन खिडक्यांत तीन चेहरे आहेत आणि चौथ्या खिडकीत घोडा आहे. तो घोडा आपल्याला उद्देशून आहे, असे क्रॉस्बीने घेतले. मॅग्विनने ते नाकारले. खरे काय असेल ते असो. पण तत्त्वज्ञांची नौका आणि ही नौका ह्यांत काय अंतर आहे, हे त्या घोड्याने मला दाखवले. काढून टाकलेल्या फळीला अपमान कळत नाही. ती अंगणात पडून राहते. माणूस तसा पडून राहत नाही. तो आपल्याबरोबर आठवण नेतो, राग नेतो, आणि ह्या नावात माझाही वाटा आहे, ही जाणीवही नेतो.

मायकेलही गेला. मग १९६८ च्या फेब्रुवारीत ग्रॅम पार्सन्स नावाचा एकवीस वर्षांचा तरुण मंडळीत आला आणि त्याने नौकेचे सुकाणूच फिरवले. त्याला वेड होते ते 'कंट्री' संगीताचे. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या गोऱ्या ग्रामीण लोकांचे हे गाणे. फिडल, बँजो आणि पेडल स्टील गिटार ही त्याची वाद्ये. घर, देव, दारू आणि विरह हे त्याचे विषय. शहरातली केस वाढवलेली तरुण पिढी आणि हे गाणे ऐकणारे लोक ह्यांचे त्या काळी हाडवैर होते. त्याच वर्षी मार्चमध्ये ही मंडळी नॅशव्हिल शहरातल्या 'ग्रँड ओल ऑप्री' ह्या कंट्री संगीताच्या गादीवर जाऊन गायली आणि श्रोत्यांनी त्यांचे स्वागत हेटाळणीने केले. ऑगस्टमध्ये 'स्वीटहार्ट ऑफ द रोडिओ' ही रेकॉर्ड निघाली. तिचा खप यथातथाच झाला. पण आज ज्याला 'कंट्री रॉक' म्हणतात, त्याचा विचार करताना प्रत्येकाला ह्या रेकॉर्डीशी थांबावे लागते.

आणि ती बाजारात आली तेव्हा ग्रॅम मंडळीत नव्हता! जुलैमध्ये लंडनहून मंडळी दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर निघणार होती. वर्णभेदाच्या देशात मी गाणार नाही, असे सांगून तो मागे राहिला. हिलमनचे मत असे की, हे निमित्त होते. ग्रॅमला लंडनमधल्या नव्या मित्रांचा सहवास सोडवत नव्हता. माणसाच्या अंत:करणात दोन कारणे एकाच वेळी नांदू शकतात, आणि त्यांतले एक उदात्त असले म्हणून दुसरे खोटे ठरत नाही. ते काहीही असले तरी त्या दौऱ्यावर न जाणे योग्य होते आणि जाणे अयोग्य होते, असेच मी म्हणेन. शिवाय दुसऱ्या एका कंपनीशी ग्रॅमचा जुना करार होता. तिने हरकत घेतल्यामुळे काही गाण्यांतला त्याचा आवाज काढून तेथे मॅग्विनचा आवाज घालण्यात आला. कल्पना त्याची, आवड त्याची, वळण त्याचे. आणि काही ठिकाणी कंठ मात्र दुसऱ्याचा. ती रेकॉर्ड कोणाची म्हणाल?

सप्टेंबरात हिलमनही गेला. आता मूळच्या पाचांपैकी मॅग्विन एकटा राहिला. आणि हा एकटा तरी पूर्वीचाच होता का? १९६५ मध्ये तो जिम होता. १९६७ मध्ये एका आध्यात्मिक पंथाच्या प्रभावाने त्याने आपले नाव बदलून 'रॉजर' केले. मंडळीचे नाव जपणाऱ्याने स्वत:चे नाव बदलले होते!

मॅग्विनने नवी माणसे घेतली आणि जुने नाव चालू ठेवले. मंडळीचे नाव त्याच्याकडे राहिले, नव्यांना पगार मिळू लागला. नव्यांतला पहिला क्लॅरन्स व्हाइट. ह्या माणसाच्या गिटारीची कथा सांगण्यासारखी आहे. पेडल स्टील गिटारीतून जशी मींड निघते, तशी साध्या गिटारीतून काढता यावी म्हणून त्याने आणि नव्या ड्रमवादकाने एक युक्ती केली होती. गिटार खांद्याला ज्या पट्ट्याने अडकवतात, तो आतल्या एका यंत्राला जोडला. गिटार खाली दाबली की पट्टा ताणला जाई आणि एका तारेचा स्वर चढत जाई. माझ्या स्नेह्यांनी ऐकवलेल्या दुसऱ्या रेकॉर्डीत मला जी ओढ ऐकू आली होती, ती हीच. त्या रेकॉर्डीत सगळ्या गाण्यांत प्रमुख आवाज मॅग्विनने स्वत:चाच ठेवला. एकदम अनोळखी आवाज पुढे आले तर ऐकणारे गोंधळतील, अशी त्याला शंका होती. ही शंका मला फार बोलकी वाटते. नाव तेच आहे ही ग्वाही नावाने दिली होती. ती खरी ठरवण्याचे ओझे एका गळ्यावर येऊन पडले होते.

तरीही गंमत अशी की, १९६९ पासून १९७२ पर्यंत टिकलेला हा नव्या माणसांचा संचच त्या नावाखाली सर्वांत अधिक काळ एकत्र राहिला, आणि रंगमंचावर प्रत्यक्ष वाजवण्यात तो मूळ पाचांपेक्षा सरस होता, असे जाणकार म्हणतात. मूळ म्हणजे खरे, हा आपला आडाखा येथे पुन्हा चुकतो.

ह्यानंतर जे घडले ते हॉब्जनेच लिहून ठेवल्यासारखे आहे. १९७३ च्या आरंभी मॅग्विनने नवी मंडळी विसर्जित केली, आणि मूळचे पाचही जण पुन्हा जमून त्यांनी एक रेकॉर्ड काढली. जुन्या फळ्या गोळा झाल्या, पूर्वीच्या जागी बसल्या, वर नावही तेच. पण समीक्षकांनी ती उचलून धरली नाही आणि श्रोत्यांचाही विरसच झाला. पाचही माणसे खरी होती. पण १९६५ साली ती एकमेकांना जे होती, ते आता नव्हती. त्याच वर्षी जुलैमध्ये एका दारूबाज मोटारवाल्याने सामान गाडीत ठेवत असलेल्या क्लॅरन्स व्हाइटचा प्राण घेतला. सप्टेंबरात ग्रॅम पार्सन्स वयाच्या सव्विसाव्या वर्षी गेला. नाव काही काळ कोणीच वापरीत नव्हते.

जे मोलाचे आहे आणि बेवारशी पडले आहे, त्याला वारस लवकर मिळतात. १९८५ च्या सुमारास जीन क्लार्कने बर्ड्‌सच्या स्मरणार्थ म्हणून एक मंडळी काढली; मायकेल तिच्यात होता. नाव लांबलचक आणि प्रामाणिक होते. पण क्लबवाल्यांनी जाहिरातीत ते छाटून नुसते 'द बर्ड्‌स' केले. पुढे मायकेल स्वत:च त्या नावाने फिरू लागला. तेव्हा मॅग्विन, क्रॉस्बी आणि हिलमन ह्या तिघांनी आपला हक्क दाखवण्यासाठी १९८९ च्या जानेवारीत त्या नावाने काही कार्यक्रम केले आणि फ्लॉरिडातल्या न्यायालयात जाऊन मायकेलविरुद्ध मनाई हुकूम मागितला. न्यायालयाने तो दिला नाही. मायकेलचा मार्ग मोकळा झाला. ज्या मुद्रणाने नावाला मोल आणले, त्यात ज्याची टिपरी एकदाही वाजली नव्हती, तो त्या नावाचा धनी ठरला!

ह्यात न्यायालयाला दोष देण्यात अर्थ नाही. कायद्याचे तर्कशास्त्र वहिवाटीवर चालते: कोणी वापरले, किती वर्षे वापरले, कोणाचे नुकसान झाले. नाव ही त्याच्या लेखी मालमत्ता आहे, आणि मालमत्तेचा मालक ठरवणे एवढेच त्याचे काम. पण आपला प्रश्न मालकीने सुटत नाही. मायकेलची बाजूही नीट पाहिली पाहिजे. तो गीतकार नव्हता, गायक नव्हता. इतरांना पुढे स्वत:ची कीर्ती मिळाली, त्याच्यापाशी ह्या नावाखेरीज दुसरे भांडवल काय होते? त्याने ते वापरले ह्याचा मला राग येत नाही, कणवच येते. तथापि तिकीट काढून आलेल्या माणसाला जे मिळेल असे वाटत होते, ते त्याला मिळत नव्हते, आणि तसे कोणी त्याला सांगत नव्हते, हे नजरेआड करता येत नाही.

आपल्याकडे संगीत नाटक मंडळ्यांनी हा प्रश्न अनुभवला आहे. १९१३ मध्ये बालगंधर्व, टेंबे आणि बोडस किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडले. त्यांनी जुने नाव सांगितले नाही, नव्या नावाची मंडळी काढली. केशवराव भोसल्यांनी १९०८ मध्ये काढलेली ललितकलादर्श त्यांच्या मृत्यूनंतर बापूराव पेंढारकरांनी चालवली, आणि पुढे त्यांच्या चिरंजीवांनी. तिला कोणी तोतयी म्हटले नाही. कारण केशवराव गेले हे प्रेक्षकांना ठाऊक होते, आणि मंडळी ते लपवीत नव्हती. नाव दोन प्रकारचे वचन देऊ शकते. 'ती माणसे येथे आहेत', हे एक. 'त्या माणसांचे आम्ही काही लागतो', हे दुसरे. आपल्याकडची घराणी दुसऱ्या वचनावर चालतात. फसवणूक होते ती दुसरे वचन पहिल्याच्या दराने विकले जाते तेव्हा.

बर्ड्‌समधून बाहेर पडलेल्या हिलमननेही असेच केले. ग्रॅमबरोबर त्याने १९६८ मध्ये नव्या नावाची मंडळी काढली: 'फ्लाइंग बरिटो ब्रदर्स'. आणि ह्या नव्या नावाचीही तीच गत झाली. १९७० मध्ये ग्रॅमला बाहेर पडावे लागले, पुढच्या वर्षी हिलमन गेला, मग दुसऱ्या दोघा संस्थापकांनी काही वर्षांनी नाव पुन्हा उभे केले, तेही गेले. एकविसाव्या शतकातही 'बरिटो' हे नाव लावून रेकॉर्डी निघाल्या, आणि त्यांत संस्थापकांपैकी एकही नव्हता. सगळ्या फळ्या बदलल्या आणि नाव चालत राहिले.

मग न्याय काय? पहिला माणूस गेला की नाव पुसून टाकावे, असे मी म्हणणार नाही; तसे झाले असते तर 'स्वीटहार्ट ऑफ द रोडिओ' निघालीच नसती आणि क्लॅरन्स व्हाइटची ती गिटार माझ्या कानांवर आली नसती. नाव चालवणे हा गुन्हा नाही. मला एवढेच वाटते की, अनेकांनी मिळून कमावलेले नाव हे जो उरला त्याचे धन नसून त्याच्या डोक्यावरचे ऋण आहे. आपल्या पूर्वजांनी पितृऋण मानले ते ह्याच जाणिवेने: जे मिळाले ते माझ्या कर्तृत्वाचे नव्हे, म्हणून ते माझे नुसते उपभोगण्याचे नव्हे. हे ऋण दोघांचे असते. जे गेले त्यांचे, आणि जे विश्वासाने ऐकायला आले त्यांचे. गेलेल्यांचे ऋण त्यांचा वाटा कबूल करून फेडायचे, श्रोत्यांचे खरे सांगून. आणि कधी तरी थांबणे हाही फेडण्याचाच एक प्रकार आहे.

मॅग्विनला संत ठरवण्याचा माझा हेतू नाही. त्याने माणसे काढली, पगारावर ठेवली, दुसऱ्याच्या आवाजाच्या जागी स्वत:चा आवाज घातला. पण १९७३ नंतर तो फिरला तो बहुतेक स्वत:च्या नावाने. १९९१ च्या जानेवारीत एका सन्मानसमारंभात मूळचे पाचही जण, मायकेलसुद्धा, एका मंचावर आले. त्या वर्षीच्या मे महिन्यात जीन क्लार्क वारला, १९९३ च्या डिसेंबरात मायकेल. २००२ मध्ये क्रॉस्बीने ते नाव विकत घेतले. मंडळी पुन्हा उभी करावी अशी क्रॉस्बीची इच्छा होती. मॅग्विनने ती मानली नाही. २०२३ मध्ये क्रॉस्बीही गेला. नाव मिळाले होते, पण मंडळी झाली नाही.

२०१८ मध्ये 'स्वीटहार्ट'ला पन्नास वर्षे झाली, म्हणून मॅग्विन आणि हिलमन ती गाणी घेऊन दौऱ्यावर निघाले. 'द बर्ड्‌स' हे नाव लावून तिकिटे अधिक खपली असती. ते त्यांनी लावले नाही. स्वत:ची नावे लावली. साथीला मार्टी स्टुअर्ट हा कंट्री संगीतातला नामवंत आणि त्याची मंडळी होती. ह्या स्टुअर्टने क्लॅरन्स व्हाइटची ती गिटार, खांद्याच्या पट्ट्याने स्वर ओढणारी, पूर्वीच त्याच्या पत्नीकडून विकत घेऊन जपली होती, आणि मंचावर तो ती वाजवीत होता.

हे वाचल्यावर मी माझ्या स्नेह्यांना ती दुसरी रेकॉर्ड पुन्हा लावायला सांगितली. ह्या वेळी मी वेष्टन पाहिले नाही.